मदत हवी आहे: पिकअप ४० च्या पुढे थरथरते, नाशिकात शाफ्ट बॅलन्स कुठे करून मिळेल?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. गाडी ४० च्या पुढे गेली की खालून थरथर सुरू होते. ५० ला आरसा हलतो, ५५ ला आरशात मागचं काही दिसतच नाही. गॅरेजवाला म्हणतो शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) बॅलन्स करा. सातपूर-अंबडकडे किंवा द्वारकेला हे काम नीट कोण करतं? नुसता भाग सांगितला तरी चालेल, शोधतो मी. रविवारी हरसूलकडे चिखलात जायचं ठरलंय, चार गाड्या आहेत. माझीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऐकून घ्यावं लागेल. टायर बॅलन्सिंग झालंय, ते कृपया सांगू नका.

बारातेराचा_पाना
कुठली पिकअप? किती सालची? ४×४ की साधी? थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली?

एमएच१५_भटक्या
आधी टायर बॅलन्सिंग करून घ्या. ९० टक्के वेळा तेच असतं.

बांधावरचा
@भटक्या, शेवटची ओळ वाचा भाऊ.
@पाना, डबल केबिन बोलेरो कॅम्पर, २०१२, ४×४. सीटखाली. साल आणि मॉडेलचा शाफ्टशी काय संबंध? मला फक्त पत्ता हवा आहे.

सातपूर_दुसरी_पाळी
गंमत आहे राव. सातपूरला महिंद्राचा अख्खा कारखाना, शहरात गल्लीगल्लीत बोलेरोचा मेकॅनिक, आणि नाशिककर नेटवर विचारतोय. आमच्या कॉलनीत तर दर चौथ्या घरात कुणीतरी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत असतो.

बारातेराचा_पाना
संबंध आहे म्हणून विचारतोय. आधीपासून थरथरते की काही काम केल्यावर सुरू झालं?

बांधावरचा
उन्हाळ्यात थोडं काम केलं. त्यानंतरच.

बारातेराचा_पाना
कसलं काम?

बांधावरचा
मागून आखूड केली.

बारातेराचा_पाना
हौदा आखूड केला?

बांधावरचा
हौदा पण.

बारातेराचा_पाना
"पण" म्हणजे?? चॅसी (खालचा सांगाडा) कापली?

बांधावरचा
हो, १८ इंच. केबिन आणि मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरच्या मधून. शाफ्टही तेवढाच कापला. आधी दोन तुकड्यांचा होता, मधे बेअरिंग होतं, आता एकच केलाय. काम चांगलं झालंय, फक्त थरथर तेवढी राहिली.

एमएच१५_भटक्या
😳 हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना हो! आम्ही टायरवर बसलोय.

कलम_बावन्न
थरथर राहू द्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२अ आलं, मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही एका फटक्यात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), बॉडी आणि शाफ्ट असे किती बदल केलेत ते मोजा. पेठ रोडला आरटीओत पासिंगला ही गाडी कशी उभी करणार? चॅसी नंबरचा तुकडा शाबूत आहे ना?

बांधावरचा
नंबर पुढच्या भागात आहे, त्याला हात लावलेला नाही. गाडी रस्त्यावर फारशी नसतेच, शेत ते नाला.

कलम_बावन्न
हरसूल तुमच्या शेतात आहे का?

जिप्सीप्रेमी
मुळात ही उठाठेव कशाला? एक जुनी जिप्सी घ्यायची. व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, वजन टनाच्या आत, चिखलात बदकासारखी तरंगते. ३ मीटर व्हीलबेसची गाडी कापून जिप्सी बनवण्यापेक्षा जिप्सीच घ्या ना. मागे हौदा बसवला की झाली शॉर्ट व्हीलबेस पिकअप!

बांधावरचा
जिप्सीत द्राक्षांचे क्रेट किती बसतात? आणि पेट्रोल तुम्ही भरणार का?

जिप्सीप्रेमी
क्रेटसाठी ट्रॅक्टर असतो.

सीजे_काका
मुलांनो, आखूड गाडीचं एवढं कौतुक करू नका. माझ्याकडे सीजे-थ्री-बी जीप होती, व्हीलबेस फक्त ८० इंच. बांधावरून, ओढ्यातून बकरीसारखी जायची. पण एकदा सावळघाटात पहिल्या पावसाच्या ओल्या डांबरावर ब्रेक दाबला आणि गाडीचं तोंड पेठकडचं नाशिककडे झालं. मी स्टिअरिंग धरून बसलोय आणि समोर जिथून आलो तोच रस्ता! खडी चढणही तशीच. मागचं चाक पुढच्याच्या जेवढं जवळ, तेवढी गाडी मागे कलंडायला सोपी. बांधावरचा, तुमच्या गाडीचं इंजिन पुढे तेवढंच जड आहे आणि मागून १८ इंच गेलेत. रिकाम्या हौद्याने घाट उतरू नका. दोन पोती वाळू टाका.

कोनमापक
हिशोब मांडतो, कुणी मांडलाच नाही. पोट टेकण्याचा प्रश्न होता असं धरतो. जमिनीपासून अंतर २०० मिलिमीटर आणि व्हीलबेस ३ मीटर असेल तर मधला कोन (पोट न टेकता किती उंचवटा ओलांडेल तो) सुमारे १५ अंश. १८ इंच, म्हणजे साधारण ४५० मिलिमीटर कापलं की तो जवळपास १८ होतो. आता न कापता, व्हीलबेस ३ मीटरच ठेवून गाडीचं पोट फक्त ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच वर उचललं असतं तर कोन जवळपास १९ झाला असता. चॅसी कापून जे मिळालं त्याहून जास्त, आणि सगळं नट-बोल्टवर. नको तेव्हा काढूनही टाकता आलं असतं.

बांधावरचा
हे उन्हाळ्याआधी कुठे होतात तुम्ही?

बारातेराचा_पाना
@कोनमापक, कागदावर बरोबर. पण उचललेली गाडी बांधावर तिरकी चालवून बघा. उंची वाढली की बाजूला कलंडायची भीती वाढते. शिवाय वळायला लागणारी जागा उचलून कमी होत नाही, ती व्हीलबेस कमी केल्यावरच होते. द्राक्षाच्या दोन ओळींच्या टोकाला वळवायची असेल तर यांनी केलं त्यात अर्थ आहे.

कोनमापक
द्राक्षाच्या ओळीत कॅम्पर कोण घालतं?

बांधावरचा
मी घालतो. आता मूळ प्रश्नाचं कुणी सांगेल का? शाफ्ट बॅलन्स कुठे होईल? दोन दिवस राहिले.

निफाडची_काळी_माती
तुम्ही टायर कोणते टाकलेत? आमच्याकडे काळ्या मातीत मड टायरसुद्धा दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो, दगडी जात्यासारखा. हरसूल, त्र्यंबककडे मुरूम आणि खडक, तिकडे चालतो. हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, परत येताना भरून घ्या. मी तर बारका पंप कायम गाडीत ठेवते.

बारातेराचा_पाना
ऐका, बांधावरचा. बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी एक करा. सपाट जागी, चाकांना दगड लावून मागचा शाफ्ट दोन्ही टोकांना सोडवा आणि काढून बाजूला ठेवा. पुढचे हब लॉक करा, म्हणजे पुढची चाकं जोडली जातील, आणि फोर-हाय (४×४ चा वेगाचा गिअर) टाका. आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालेल. मोकळ्या सरळ मातीच्या रस्त्यावर ५० पर्यंत न्या. थरथर गेली तर दोष मागच्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कोनात. राहिली तर शाफ्टला दोष देऊ नका. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने खुणा करा, नाहीतर नवीन घोळ.

आणि गॅरेजवाल्याला विचारा, शाफ्ट कापून वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवले होते का?

बांधावरचा
योक एका रेषेत म्हणजे? वेल्डिंग लेथवर सरळ लावून केलंय, डोळ्यासमोर केलंय.

बारातेराचा_पाना
सरळ वेगळं, एका रेषेत वेगळं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा) धरणारे दोन-दोन कान असतात, तेच योक. शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून बघा. या टोकाचे कान आडवे असतील तर त्या टोकाचेही आडवेच दिसले पाहिजेत. शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा क्रॉस एकसारख्या वेगाने फिरवत नाही, दर फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही उचकी मागच्या क्रॉसने मिटवायची असते, आणि कान जुळले तरच ती मिटते. नाही जुळले तर उचकी उरतेच, पार काटकोनात फिरले तर दुप्पट. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट सरळ फिरतो, कोनात नाही. तिथे सगळं छान दिसेल, पैसे जातील आणि थरथर घरी येईल.

दुसरं, कोन. गिअरबॉक्स आणि हाउसिंगच्या (मागच्या ॲक्सलच्या) उंचीत फरक तेवढाच राहिला आणि शाफ्ट आखूड झाला. शिडीचा पाय भिंतीकडे ओढला की शिडी उभी होते, तसं. पाटे आणि हाउसिंगच्या मधे पाचर टाकून हाउसिंगचं नाक फिरवावं लागेल कदाचित. पण आधी कान बघा.

एमएच१५_भटक्या
पाना भाऊ, तुम्ही शिकवणी का घेत नाही?

सातपूर_दुसरी_पाळी
स्लिप जॉइंटवर (शाफ्ट आतबाहेर सरकतो त्या दातांच्या जोडावर) बाणाची खूण असते बहुतेक शाफ्टना. दोन्ही बाण समोरासमोर आणून घालायचा. तो एक-दोन दात फिरवून घातला तरी वेल्डिंग कितीही सरळ असो, कान फिरणारच. आमच्याकडे लाइनवर नवीन पोराला सगळ्यात आधी हेच दाखवतात. खुणेवर रंग चढला की गॅरेजात कुणी बघत नाही.

बांधावरचा
सकाळी बघतो. तोवर हा फोटो, चॅसीच्या जोडाचा. काम बघा किती स्वच्छ आहे.

सातपूर_दुसरी_पाळी
स्वच्छ आहे, पण सरळ उभा काप आहे की हो! वरून खालपर्यंत एकाच रेषेत. वरून पट्टी मारलीय तीही चौकोनी. पट्टीची उभी कड संपते तिथेच सगळा ताण गोळा होतो. काप तिरका किंवा पायरीचा हवा होता, आतून पट्टी, बाहेरून समोसा किंवा हिऱ्याच्या आकाराची, आणि वरच्या-खालच्या काठावर आडवं वेल्डिंग नाही. सीओ-टू वेल्डिंगने केलंय का?

बांधावरचा
सळईने केलंय. तो म्हणाला, ट्रॅक्टरची ट्रॉलीपण अशीच करतो.

कलम_बावन्न
ट्रॉलीत मागच्या सीटवर पोरं बसत नाहीत.

सीजे_काका
हे मात्र खरं बोललात वकीलसाहेब. बांधावरचा, राग मानू नका. थरथर आहे तोवर तो जोड रोज हलतोय. आधी तो बघा, मग हरसूल.

जिप्सीप्रेमी
जिप्सीला असलं काही लागत नाही.

निफाडची_काळी_माती
तुम्ही बाहेर जा.

बांधावरचा
अपडेट. शाफ्ट काढून फोर-हायवर चालवली. ५५ पर्यंत आरसा भिंतीसारखा स्थिर. म्हणजे मागचा शाफ्टच. जमिनीवर ठेवून बघितला तर एका टोकाचे कान आडवे, दुसऱ्याचे तिरके. रंग खरवडला, खाली बाण निघाले. दोन दात सरकलेले होते! जुळवून परत बसवला. आता ६० ला मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. ७० ला अजून बारीक गुणगुण आहे, ती पाचरीची असावी. पाना भाऊ आणि पाळीवाले, दोघांना द्राक्षं. मोसमात.

जोडावर मात्र तिन्ही जण एकच बोललात म्हणून अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याला दाखवलं. तो म्हणाला पट्टी काढून नव्याने करू, बॅटरी सोडून, चॅसी लेव्हलला धरून, चार दिवस लागतील. रविवारी मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसून जातोय.

कलम_बावन्न
आणि पासिंग?

बांधावरचा
पुढच्या वर्षी आहे.

कोनमापक
नवीन पट्टी मारतोच आहेस तर मधे १८ इंच परत जोडून घे, आणि गाडी दोन इंच उचल. हिशोब तोच.

पांढुर्लीचा_पप्पू
नमस्कार, धागा उशिरा वाचला. शाफ्टचं मला काही कळत नाही, पण चॅसीचे ते कापलेले १८ इंचाचे दोन तुकडे आहेत का अजून? माझ्या ट्रॉलीच्या हुकाला तसाच जाड सी-चॅनेल हवा आहे.

बांधावरचा
एक आहे, घेऊन जा. दुसरा वडिलांनी गव्हाणीखाली टेकू लावलाय, तो आता निघणार नाही.