दुपारची जास्तीची सोलर वीज हायड्रोजनमध्ये का घालत नाहीत?

गच्चीवरचं_ऊन
इंदिरानगर साईडला घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. उन्हाळ्यात दुपारी इन्व्हर्टर मधूनच बंद पडतो, स्क्रीनवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज, थोड्या वेळाने परत चालू. गल्लीत बऱ्याच जणांनी पॅनल टाकलेत आणि दुपारी घरात वापरायला कोणी नाही. राजस्थानात तर लाईन पुरत नाही म्हणून मोठे प्लांटसुद्धा दुपारी कमी करायला लावतात. मग ती वीज वाया घालवण्यापेक्षा पाण्यातून हायड्रोजन काढा, टाकीत भरा आणि संध्याकाळी सगळे घरी आले की त्याची परत वीज करा, अडतंय कुठे नेमकं?

पन्नास_हर्ट्झ
परत वीज करण्यातच अडतंय. १ किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट खर्च होतात, त्यात ऊर्जा असते ३३ युनिटची, आणि फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनची परत वीज करणाऱ्या यंत्रातून, हातात येतात जेमतेम १६-१८, दाबून भरायचा खर्च वेगळाच. कांदा चाळीत ठेवला की घट धरावीच लागते पण इथे दोन तृतीयांश मालच गेला राव. बॅटरी ८५-९० टक्के परत देते. आपल्या भंडारदऱ्याजवळचं घाटघर बघा, २५० मेगावॅट, खालचं पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं, तेही ७५ टक्क्यांच्या आसपास देतं. संध्याकाळच्या चार तासांसाठी हीच दोन कामाची.

पण म्हणून हायड्रोजन बाद नाही. इलेक्ट्रोलायझरकडे, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या मशीनकडे, लोड म्हणून बघा, म्हणजे हवी तेव्हा वीज खाणारं गिऱ्हाईक. ऊन चढलं की लोड वाढवायचा, ढग आला, वीज कमी पडून ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागली की उतरवायचा, पीईएम टाईपचं (आत पातळ पडदा असलेलं) मशीन हे काही सेकंदात करतं. आणि गॅस परत जाळायचाच नाही, खतवाले आणि रिफायनरीवाले आज नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करतात, त्यांना द्यायचा.

निफाडचा_शेतकरी
शेतीची वीज दिवसा दिली तरी दुपारचा लोड वाढतोच की. रात्री बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी भरायला जायचं तेही वाचतं. आधी ते करा. आणि हायड्रोजनला पाणी कुठलं आणणार, गंगापूर धरणाचं?

पन्नास_हर्ट्झ
@निफाडचा_शेतकरी दिवसा वीज एकदम मान्य, सगळ्यात स्वस्त उपाय तोच. पाण्याचा मात्र बाऊ नको भाऊ. किलोला शुद्ध पाणी ९ लिटर लागतं. १० मेगावॅटचं युनिट फुल चाललं तरी तासाला २०० किलोच्या आत गॅस, म्हणजे २००० लिटरसुद्धा नाही. शुद्ध करताना वाया जाणारं आणि कूलिंगचं धरून अजून लागेल, पण धरण आटायचं नाही.

अंबड_शॉपफ्लोअर
आमच्याकडे हीट ट्रीटमेंटला हायड्रोजन लागतो, सिलिंडर ट्रकने येतात. लोखंडच जास्त वाहतो, गॅस नावाला. शेडवर सोलर आहेच, छोटा इलेक्ट्रोलायझर जागेवर बसवला तर जमेल ना?

पन्नास_हर्ट्झ
वाहतूक वाचते म्हणून तुमच्यासारख्यांचं गणित लवकर बसू शकतं. फक्त निव्वळ सोलरवर चालवलं तर वर्षाच्या तासांपैकी पाचवा हिस्साच फुल लोड मिळतो, उरलेला वेळ एवढं महागडं मशीन बसून आणि बँकेचा हप्ता चालू. २०२३ च्या नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशनमध्ये १९,७४४ कोटी ठेवलेत, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट आहे, तरी खरी गोम हीच आहे. दिवसाचा स्वस्त टीओडी दर (वेळेप्रमाणे बदलणारा वीजदर) जोडून बघा, आणि फर्नेस रात्रपाळीलाही चालते का ते सांगा, त्यावर टाकी केवढी ते ठरेल.

अंबड_शॉपफ्लोअर
तिन्ही शिफ्ट. महिन्याचा गॅस किती लागतो ते स्टोअरमधून काढून टाकतो.