'ऑब्जेक्ट रिलेशन्स'मधल्या 'ऑब्जेक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
जोडप्यांचं आणि कुटुंबाचं समुपदेशन शिकणाऱ्यांसाठी मी एक टिपण मराठीत करते आहे. विषय आहे 'ऑब्जेक्ट रिलेशन्स थिअरी', म्हणजे लहानपणीची जवळची नाती मनात राहतात आणि पुढच्या नात्यांना आकार देतात, असं सांगणारा मनोविश्लेषणातला सिद्धांत. पहिल्याच पानावर अडले. 'वस्तुसंबंध सिद्धांत' असं लिहिलं आणि पुढचं वाक्य झालं ते असं : 'पती पत्नीकडे बालपणातील वस्तू म्हणून पाहतो.' हे वाचून कुणालाही वाटेल, बायकोला वस्तू समजणाऱ्या नवऱ्याबद्दल चाललं आहे. मूळ मुद्दा तो नाहीच. 'वस्तू'ला पर्याय सुचवाल का? 'प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन'साठी 'प्रक्षेपी तादात्म्य' लिहिलं आहे, तेही खटकतंय.

प्रतिसाद :
सरळ 'व्यक्तिसंबंध' का नको? आई, वडील, जोडीदार ही शेवटी माणसंच ना? नाहीतर 'ऑब्जेक्ट' तसाच ठेवा. 'टेबल' आणि 'पेन' रुळले, तसा हाही रुळेल.

प्रतिसाद :
मी जोडप्यांबरोबर काम करते, त्यामुळे या शब्दाशी माझी जुनी झटापट आहे. जरा सविस्तर लिहिते.

'व्यक्ती'ने भागत नाही. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनच्या मांडणीत तान्ह्या बाळाचं पहिलं ऑब्जेक्ट अख्खी आई नसते, स्तन असतो : दूध देणारा तो चांगला, हवा तेव्हा न मिळणारा तो वाईट. ही व्यक्ती नव्हे, व्यक्तीचा अंश. आणि मोठेपणी मनात जी आई असते, तीही जशीच्या तशी खरी आई नसते. तिच्या सहवासात आलेले अनुभव आणि त्यांत मुलाने स्वतःची मिसळलेली भीती, ओढ, राग यांचं ते चित्र असतं. आई गेली तरी ते राहतं.

फ्रॉइडने १९०५ च्या लैंगिकतेवरच्या निबंधांत हा शब्द वापरला तो 'ओढ ज्याच्याकडे जाते ते' या अर्थाने. पुढे स्कॉटलंडमधल्या रोनाल्ड फेअरबेर्न या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात पायाच बदलला. माणसाची ओढ मुळात सुखाकडे नसते, ती नात्याकडे असते, असं तो म्हणाला. म्हणजे शब्द तोच राहिला, पण ज्याच्याकडे धाव घ्यायची ते आता साधन उरलं नाही, तेच मुख्य झालं. 'वस्तू' लिहिलं की नेमकी हीच गोष्ट हरवते, म्हणून मला हा शब्द सहन होत नाही.

व्याकरणातलं 'कर्म' घेता येत नाही. 'कर्मसंबंध' म्हटलं की प्राक्तन आठवतं. 'विषय' अर्थाने फार जवळचा आहे. 'चिंतेचा विषय', 'कौतुकाचा विषय' असं आपण रोज म्हणतो, आणि तिथे तो शब्द अगदी हेच काम करतो. पण 'विषयसंबंध' असं लिहून बघा. वाचणाऱ्याचं मन थेट विषयवासनेकडे जाईल.

माझा आग्रह 'आलंबन' या शब्दाचा आहे. रसचर्चेत आपण तो शिकलेलो असतो : दुष्यंताच्या मनातल्या रतीचं आलंबन शकुंतला. भाव ज्याच्या आधाराने उभा राहतो, ते आलंबन. शब्दाच्या पोटात 'लंब्' आहे, टेकणं, लटकणं. आपला रोजचा 'अवलंबून' त्याच धातूतून आला. फेअरबेर्नच्या मते माणसाची वाढ म्हणजे लहानपणीच्या अवलंबनाकडून प्रौढ अवलंबनाकडे जाणं. अवलंबन संपत नाही, त्याची जात बदलते. 'आलंबनसंबंध' म्हटलं की हा सगळा अर्थ आपोआप बरोबर येतो.

शिवाय रसशास्त्र जोडीला 'उद्दीपन', म्हणजे भाव चेतवणारं निमित्त, देतं, आणि जोडप्यांच्या कामात त्याचा मला फार उपयोग होतो. एक प्रसंग रचून सांगते. दोघं समोर बसली आहेत. तो बोलत असताना ती नजर वळवून खिडकीबाहेर बघते. चार-पाच सेकंदच. त्याचा आवाज चढतो, तो पुढे सरकून बसतो, एकामागून एक खुलासे देऊ लागतो, तिने काही विचारलेलं नसताना. लहानपणी त्याचे वडील रागावले की दिवसेंदिवस बोलत नसत आणि हा त्यांच्यामागे 'मी काय केलं?' करत फिरायचा. तिचं खिडकीबाहेर बघणं हे उद्दीपन. आलंबन ते गप्प वडील, आणि त्यांच्याबरोबर तो मागे मागे फिरणारा मुलगाही. कारण मनात एकटं माणूस साठवलं जात नाही. त्याच्यासमोरचे आपण आणि मधली भावना, असं सगळं मिळून साठतं. जोडपी भांडतात ती उद्दीपनावर : 'तू बाहेर का बघत होतीस?' 'मी सहज बघत होते!' दोघंही खरं बोलत असतात.

एक अपवाद मात्र करा. मनोविश्लेषक विनिकॉटचं 'ट्रान्झिशनल ऑब्जेक्ट', म्हणजे झोपताना बाळाला लागणारं पांघरुणाचं टोक किंवा कापडी अस्वल, ही खरोखरच वस्तू आहे. तिथे 'संक्रमणवस्तू'च बरी.

प्रश्नकर्ती :
'आलंबन' पटलं. पण रसशास्त्रातलं आलंबन डोळ्यांसमोर असतं, हे मनातलं आहे. गोंधळ होणार नाही का?

प्रतिसाद :
रास्त शंका आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'आंतरिक आलंबन' लिहा. समोर बसलेल्या जोडप्याशी बोलताना मी हा शब्द वापरत नाही, तिथे 'तुमच्या मनात घर करून बसलेले वडील' असं म्हणते आणि ते लगेच कळतं.

आता 'प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन'मधलं 'तादात्म्य'. मराठीत भक्त देवाशी तादात्म्य पावतो, नट भूमिकेशी. ते आपखुशीचं आणि सुंदर असतं. क्लाइनने १९४६ मध्ये जी प्रक्रिया सांगितली ती तशी नाही. आपल्यातला नकोसा भाग दुसऱ्यात घालायचा आणि तो तिथेच आहे असं मानायचं, हे तिचं मूळ. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या हेन्री डिक्सने १९६७ च्या त्याच्या पुस्तकात नवरा-बायकोत हे दोन्ही बाजूंनी कसं चालतं ते दाखवलं. 'मी कधीच चिडत नाही' म्हणणारा शांत नवरा घ्या. तो कबूल केलेली कामं अर्धवट ठेवतो, विचारलं की हसतो. शेवटी ती ओरडते, आणि तो समुपदेशकाकडे वळून म्हणतो, 'बघितलंत?' त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. दोघांचा राग ती एकटी वाहते आहे. तीही सुटलेली नसते. तिच्यातला शांत भाग तिने त्याच्याकडे ठेवायला दिलेला असतो.

यातल्या पहिल्या अर्ध्यासाठी मला 'प्रक्षेपण'पेक्षा 'आरोपण' आवडतं. रूपकात एकाचं रूप दुसऱ्यावर आरोपित होतं, आणि व्यवहारात आरोप म्हणजे दोष देणं. घरात हे दोन्ही एकदमच घडतं. 'माथी मारणं' चालणार नाही, त्यात जाणूनबुजून केल्याचा वास येतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी 'वठवणं'. एका शब्दाचा हट्ट नको : 'आरोपण, आणि दुसऱ्याने ते नकळत वठवणं'. लांब आहे, पण चूक नाही.

'कोल्यूजन', म्हणजे दोघांनी नकळत एकमेकांचे असे भाग वाहत राहणं, आलंच तर 'संगनमत' टाळा. तो शब्द ऐकताच गुन्हा आणि पोलीस आठवतात. 'अबोल करार' लिहा.

प्रश्नकर्ती :
वाक्य असं केलंय : 'भांडणाच्या त्या क्षणी पतीच्या भावनेचं आलंबन समोरची पत्नी नसते; त्याच्या मनात घर करून राहिलेलं जुनं नातं असतं.' शेवटचं एक. मनोविश्लेषक बियॉनच्या 'कंटेनिंग'साठी 'पोटात घालणं' चालेल?

प्रतिसाद :
वाक्य छान झालंय. फक्त 'समोरची पत्नी नसते'च्या जागी 'केवळ समोरची पत्नी नसते' करा, तीही तिथे आहेच.

'पोटात घालणं' नको. आपण अपराध पोटात घालतो, म्हणजे क्षमा करतो आणि विषय मिटवतो. 'पचवणं' जवळचं आहे, बियॉननेही पचनाचीच उपमा वापरली आहे; पण 'अपमान पचवला' यात माणूस गप्प बसतो. आई रडणाऱ्या बाळाची भीती आत घेते, ती सोसते, आणि बाळाला झेपेल अशी करून त्याला परत देते. समुपदेशक जोडप्यासाठी तेच करतो. म्हणून मी 'सोसून परत देणं' लिहीन. नुसतं 'सांभाळणं' विनिकॉटच्या 'होल्डिंग'साठी, म्हणजे आई बाळाला धरून जो आधार देते त्यासाठी, राखून ठेवा, तिथे ते अगदी चपखल बसतं.