मदत हवी आहे: बाबांच्या पायाची जखम भरतच नाहीये

अनघा_डी: बाबांच्या पायाला दिवाळीपासून जखम आहे, रोज ड्रेसिंग चालू आहे, अँटिबायोटिक्स झाली, सुकली म्हणेपर्यंत परत ओली. चांगलं मलम सांगा प्लीज, आता डॉक्टर बदलून कंटाळलोय सगळे.

मंदार७९: वय? शुगर? जखम पायाला नक्की कुठे?

अनघा_डी: ७२. शुगर आहेच की, जुनी आहे, गोळ्या चालू आहेत. मलमाचं बोला.

रानवाट: कडुनिंबाचा पाला उकळून त्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवा, वरून हळद-तूप. आमच्याकडे तेच करतात.

मंदार७९: अहो नका सांगू असलं! शुगरने पाय बधिर होतात, चटका कळत नाही. माझ्या आईचा असाच भाजला होता.

सुनीता म: सासूबाईंना घोट्याच्या वर आतल्या बाजूला होती, व्हेरिकोजची, म्हणजे फुगलेल्या शिरांमुळे झालेली. प्रेशर बँडेजने भरली. तुम्हीपण तेच बांधा.

मंदार७९: डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, न करता घट्ट पट्टी अजिबात नको. रक्तपुरवठाच कमी असेल तर पाय गमवायची वेळ येईल. अनघा, जागा सांगा हो.

खवचट_काका: सगळं रिफाइंड तेलामुळे. घाण्याचं वापरा.

अनघा_डी: तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी. दुखत नाही त्यामुळे सकाळचं फिरणं चालू आहे, शुगरला चांगलं ना.

मंदार७९: अहो हेच तर आधी सांगायचं! त्याच जागेवर रोज अख्खं वजन पडतंय, कुठलंही मलम काय करणार? फिरणं आजपासून बंद. एक्स-रे काढा, हाडापर्यंत गेलंय का बघायला, आणि डॉपलर. कडेची जाड कातडी सर्जनकडून काढून घ्या. रक्तपुरवठा ठीक असेल आणि इन्फेक्शन आटोक्यात असेल तर टोटल कॉन्टॅक्ट कास्टचं विचारा, म्हणजे पायाला सगळीकडून नीट टेकून बसणारं प्लास्टर, त्याने भार एकाच जागी न पडता विभागला जातो. ताप आला, लाली पसरली किंवा बोट काळं पडलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

रानवाट: जखमेवर प्लास्टर?? आत सडेल ना.

फिजिओ_रूपा: नाही सडत, ठरावीक दिवसांनी बदलतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांच्या जखमा असंच प्लास्टर घालून भरवायचे. जखम भरल्यावर मात्र एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल कायमची, घरातसुद्धा.

खवचट_काका: एमसीआर मला पण चालेल का, टाच दुखते.

अनघा_डी: एक्स-रे कोणी सांगितलाच नव्हता, उद्या काढते. पण बाबा घरात चप्पल घालणार नाहीत, देवघर आहे म्हणून.

फिजिओ_रूपा: घरातली जोडी वेगळी ठेवा, बाहेर न वापरलेली. पूजा खुर्चीत बसून करू देत, तेवढी चप्पल बाजूला काढायची.