चपाती-भाजी, वरण-भात रोज होतो, तरी आहार समतोल का म्हणता येत नाही?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, सध्या पुण्यात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी पाच माणसे आहोत. सासूबाई माळकरी असल्यामुळे घरात अंडी किंवा मांस-मासे शिजत नाहीत. गेल्या महिन्यात १४ वर्षांच्या मुलीला सतत थकवा जाणवू लागला, म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन १०.२ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "आहार समतोल ठेवा" असे सांगितले. मला खरेच वाईट वाटले, कारण आमच्याकडे बाहेरचे खाणे जवळजवळ नाही. रोज साधारण एक किलो कणीक, अर्धा किलो तांदूळ, दोन्ही वेळच्या वरणासाठी मिळून एक वाटी (१५० ग्रॅम) तूरडाळ, बटाटा धरून पाऊण किलो भाजी आणि एक लिटर दूध लागते. मुलगी शाळेला निघताना चहा-चपाती खाते आणि डब्यात चपाती-भाजी नेते. यात नेमके काय कमी पडते, हे कोणी समजावून सांगेल का?

आहारशास्त्राची विद्यार्थिनी

ताई, तुम्ही मापे दिलीत हे फार बरे केले, कारण उत्तर त्या मापांतच आहे. तुमच्या ताटात अन्नाचे बहुतेक गट आहेत. बिघडले आहे ते त्यांचे प्रमाण.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (सर्व वजने कच्च्या मालाची), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिली दूध किंवा दही, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असा हिशेब दिला आहे. वय आणि कष्ट यांनुसार तो बदलतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आता तुमच्या घरचे पाहा. दीड किलो धान्य पाच जणांत वाटले की माणशी ३०० ग्रॅम होते आणि डाळ मात्र माणशी ३० ग्रॅम. म्हणजे धान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक असायला हवे, तिथे ते दहास एक झाले आहे. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनतात. त्यांपैकी लायसिन गहू-तांदळाच्या प्रथिनांत कमी असते आणि ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते आणि ते धान्यातून मिळते. वरण-भाताची जोडी उत्तम मानली जाते ती यामुळेच, पण वरणाऐवजी डाळीचे पिवळे पाणीच पानात पडले तर त्या जोडीतला एक जोडीदार जवळजवळ नसतोच. भाजीही माणशी १५० ग्रॅमच होते, आणि त्यात बटाटा असेल तर तो पिठूळ असल्यामुळे भाजीत न मोजणेच योग्य.

दुसरी गोष्ट चहा-चपातीची. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि ते शरीरात पुरते शोषले जात नाही. वनस्पतिजन्य लोह मुळातच कमी शोषले जाते, त्यामुळे शाकाहारी घरात ही सवय अधिक महाग पडते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा टाळावा. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व तेच लोह शोषायला मदत करते, म्हणून पानात वाढलेली लिंबाची फोड पिळायला विसरू नका.

सोलापूरची भाकरी

माझ्याकडेही सहा माणसांचा स्वयंपाक आहे, म्हणून खर्चाची अडचण मला कळते. महिन्याचा किराणा भरताना मी गहू-तांदूळ थोडे कमी केले आणि ते पैसे मटकी, मूग, हरभरा, मसूर यांकडे वळवले. एक दिवसाआड उसळ, एका वेळेला पिठले किंवा झुणका आणि वरण पळीवर थांबेल इतके घट्ट, एवढे केले तरी फरक पडतो. शेंगा, तीळ, जवस आणि कारळे यांच्या चटण्या डब्यांत भरून ठेवल्या की तेलबिया रोज पोटात जातात. फक्त चटणी चिमूटभर न वाढता चांगला चमचाभर वाढावी.

चपातीच्या जागी एका वेळेला बाजरीची किंवा नाचणीची भाकरी करून पाहा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी अधिक. पालेभाज्यांत पालकावरच थांबू नका. माठ, राजगिरा, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला हे सगळे आपलेच आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय, आणि तो झाल्यावर केवळ आहाराने लवकर भरून येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत गोळ्या पूर्ण घ्या. त्या चहा किंवा दुधाबरोबर देऊ नका. पाळीत रक्तस्राव फार होतो का, पोटात जंत आहेत का, हेही विचारून घ्या. तुमच्या घरी अंडी-मांस नसल्यामुळे ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ते धान्य, डाळ, भाजी यांत मिळत नाही, दूध-दह्यातून थोडे मिळते. तुमचे एक लिटर दूध पाच जणांत, त्यातलेही बरेचसे चहात जात असेल. ब-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून सर्वांचीच करून घेतलेली बरी, सासूबाईंची तर नक्कीच.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दहास एक हा हिशेब वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी डाळ काट्यावर मोजली आणि ती खरोखर १५० ग्रॅमच भरली. आता डाळ आणि कडधान्य मिळून रोज ३५० ग्रॅमच्या आसपास शिजते. त्यापुढे अजून जमलेले नाही. सकाळी चहाऐवजी मुगाचे धिरडे आणि पेरूच्या दोन फोडी देते. पहिले चार दिवस मुलगी रुसली होती, आता मागून घेते. सासूबाईंनी हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा स्वतः करून दाखवला. शेंगदाण्याचे कूट आणि लिंबू घातलेला तो घोळाणा मुलांनी भाकरीबरोबर संपवला. ब-१२ साठी सोमवारी सर्वांचे रक्त द्यायचे ठरले आहे. एकच अडचण उरली आहे: डब्यात उसळ दिली की तिचा रस्सा दप्तरात पाझरतो. सोलापूरच्या ताई, मटकी कोरडी परतून दिली तर दुपारपर्यंत ती वातड होते का?

सोलापूरची भाकरी

मटकी आधी वाफवून घ्या आणि मग कांद्यावर परता, वातड होणार नाही. वरून ओले खोबरे मात्र घालू नका, उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबते. त्याऐवजी शेंगदाण्याचे कूट घाला.