मदत हवी आहे: शेळीच्या पोटातले जंत पांढऱ्या उंदरात वाढतात का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी प्राणिशास्त्र करतेय. प्रकल्प: सीताफळाच्या बियांचा अर्क शेळ्यामेंढ्यांच्या हिमोंकस जंतावर चालतो का. मटणवाल्या काकांकडून शेळीचं जठर आणून कापलं की माद्या दिसतात, दोन-अडीच सेंटिमीटरच्या, लाल-पांढरा पीळ घातलेल्या सुतासारख्या. (घरात चादरींचे माग, दुसरी उपमा कुठून सुचणार!) लाल म्हणजे प्यायलेलं रक्त, पांढरा पीळ अंडाशयाचा.

सर म्हणतात, अळ्या तयार कर आणि प्राणिगृहातल्या पांढऱ्या उंदरांना पाज. शेळीच्या लेंड्यांत जंतांची अंडी असतात, त्या ओलसर ठेवून अळ्या केल्या. मे महिन्यात पहिली बरणी वाळून खडखडीत, दुसरी माठाशेजारी ठेवली तेव्हा जमलं. पण वाचावं तिथं उंदीर नाही, मंगोलियन जरबिल (उंदरासारखाच एक छोटा प्राणी)! त्यातही अळ्या पूर्ण वाढत नाहीत, अंडी घालत नाहीत. नऊ-दहा दिवसांनी जठर उघडून अळ्याच मोजायच्या. मग उंदीर मारून हाती काय येणार? सरांना सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

उत्तर: ताई, मी जनावरांचा डॉक्टर. उंदरात हिमोंकस नीट धरत नाही. उंदरांवरचं बरंचसं काम त्यांच्या स्वतःच्या जंतांवर झालंय: लहान जातीच्या उंदरात (माउस) हेलिग्मोसोमॉइड्स, मोठ्या जातीच्या उंदरात (रॅट) निप्पोस्ट्राँजिलस. दोन्ही लहान आतड्यातले, आणि दुसरा तर दोनेक आठवड्यांत उंदीर बाहेर टाकतो. गिनिपिगात शेळीचा ट्रायकोस्ट्राँजिलस पूर्ण वाढतो, पण तो तुमचा जंत नव्हे. शिवाय कुठलाही प्राणी घ्यायचा तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. सरांना आधी हेच विचारा, बाकीचं आपोआप होईल.

माझं ऐकाल तर प्राणी सोडा, अंडी उबवण्याची चाचणी करा. अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत अंडी ठेवा, 48 तासांनी किती फुटली ते मोजा. सोबत एक साध्या पाण्याचा गट आणि एक थायाबेंडाझोल या जंतांवरच्या औषधाचा. फक्त अंडी ताजी हवीत. तीन तासांत काम सुरू होणार नसेल तर लेंड्या पाण्यात कालवून बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. हवा मिळाली की अंडी वाटेतच वाढायला लागतात आणि आकडे चुकतात.

धागाकर्ती: अय्यो, मी अर्धी भरलेली बाटली आणत होते, स्कूटीवर, भर दुपारी! डॉक्टरसाहेब, बाटली बर्फात ठेवली तर चालेल का?