'बॅड बॉईज २' : समीक्षकांनी झोडपला, आम्ही पाठ केला

विश्रामबागचा_गडी (सांगली)
कट्ट्यावर परवा यावरनं जुंपली, म्हणून इथं टाकतोय. २००३ चा 'बॅड बॉईज २'. मायामीतले दोन पोलीस, विल स्मिथ पैसेवाला आणि बिनधास्त, मार्टिन लॉरेन्स बायकापोरांचा, कायम कुरकुरणारा. दिग्दर्शक मायकेल बे. रॉजर ईबर्ट या अमेरिकेतल्या नावाजलेल्या समीक्षकानं चारपैकी एकच स्टार दिला. का? तर मसाला पचत नाही म्हणून! पुलावरचा पाठलाग आठवा. गुंड ट्रेलरवरच्या गाड्या एकेक करून मागं सोडतात, त्या उलट्यापालट्या होत येतात आणि फेरारी त्यातनं वाट काढते. खऱ्या गाड्या फेकल्यात राव, नुसती कॉम्प्युटरची करामत नव्हे. असलं काम कळायला चष्मा लागत नाही.

मिरजवाली
पाठलागाला कोण नावं ठेवतंय? ईबर्टचा राग दुसरीकडं होता. लॉरेन्सच्या मुलीला न्यायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला दोघं दारातच पिस्तूल दाखवून घाबरवतात, तो प्रसंग. शिवाय व्हॅनमधनं मढी रस्त्यावर पडतात आणि गाड्या त्यावरनं जातात, त्यावर आपण हसायचं! शेवटी क्यूबात डोंगरउतारावरच्या झोपड्या तुडवत पिवळी हमर खाली येते. आत चूल पेटलेली असेल का, हा विचार बेच्या डोक्यात शिरलेला दिसत नाही.

वाईकर
ताई, पिक्चर आहे तो. आमच्या वाईत 'दबंग'चं शूटिंग झालं, तिथंही भिंती फुटल्याच की. आणि १३ कोटी डॉलर घालून २७ कोटींवर गल्ला आणला. लोक येडे होते का?

कराडचा_हिशेबी
गल्ल्यातला निम्म्याच्या आसपास वाटा थिएटरवाले ठेवतात. जाहिरातीचा खर्च वेगळाच. म्हणजे उरलं किती, धरा हिशेब. उलट १९९५ चा पहिला भाग १.९ कोटीत झाला आणि १४ कोटींवर गेला. पैसा कमी होता, म्हणून दोघांना बोलायला जागा मिळाली. दुसऱ्यात धुराळाच जास्त. अडीच तासाला तीनच मिनिटं कमी. जोडीच्या विनोदी पिक्चरला एवढी लांबी?

विश्रामबागचा_गडी
आणि टीव्हीच्या दुकानातला सीन? दोघं आपलं खासगी दुखणं काढतात, ते कॅमेऱ्यातनं दुकानातल्या सगळ्या पडद्यांवर दिसतं आणि गिऱ्हाईकं भलताच अर्थ घेतात. विष्णुदास भाव्यांच्या गावचा माणूस आहे मी, टायमिंग कळतं मला. 'हॉट फझ' हा पोलिसांवरचा विनोदी पिक्चर काढणाऱ्या इंग्रजांनी २००७ मध्ये त्यात याच पिक्चरला सलाम ठोकला, तो उगाच नाही.

मिरजवाली
तो सीन मान्य, झकास आहे. पण समीक्षकांना मसाला पचत नाही म्हणता, मग २०२० चा तिसरा भाग त्यांनीच उचलून धरला, त्याचं काय? दिग्दर्शक नवे, लांबी दोन तासांच्या आसपास, म्हातारपणाची भीती, मैत्री, आणि गोळीबारही आहेच. कमाईही दुसऱ्यापेक्षा जास्त. दुखणं मसाल्याचं नव्हतं, बेच्या हाताचं होतं.

विश्रामबागचा_गडी
त्या तिसऱ्या भागात बे स्वतः लग्नात माईक धरून दोन घटका दिसतो. मला त्या पिक्चरमधलं तेवढंच आठवतंय.