मदत हवी आहे: मोटरहोममध्ये ऊब टिकत नाही, आणि सकाळी सगळं ओलं

मंडळी, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी, बायको आणि सहा वर्षांची लेक, तिघांनी गाडीत तीन रात्री काढल्या. बाहेर पारा उणे ५ अंश. पहाटे तीनला गॅसचा हीटर विझला. सिलिंडर उचलून पाहिला तर निम्म्याहून जास्त भरलेला! पुन्हा पेटवला, दोन मिनिटांत परत बंद. लेक कुडकुडत होती म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवली, ती मंद का होईना जळत होती. गार वारा येऊ नये म्हणून छताची झडप लावली आणि दाराजवळची जमिनीलगतची जाळी चिंध्यांनी बुजवली.

सकाळी खिडकीच्या रबरावर थेंबांची रांग. लेकीची रजई भिंतीला टेकते तिथे चिंब. गादी उचलली तर खालची फळी काळपट ओली. पुढच्या महिन्यात पुन्हा निघायचंय. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
आधी त्या चिंध्या काढा, बाकीचं नंतर वाचा. गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्याच जाळीतून बाहेर पडतो. बंद गाडीत शेगडी जळत ठेवली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. त्याचा अलार्म बसवल्याशिवाय लेकीला घेऊन निघू नका, कळकळीने सांगतोय.

ओल्याचं कारणही तेच. एक किलो प्रोपेन (सिलिंडरमधला एक गॅस) जळलं की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन आतच राहतं, वर तिघांचा श्वास. झडप दोन बोटं उघडी ठेवा. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या.

प्रतिसाद २:
हीटर विझण्याचं कारण बहुतेक ब्युटेन, सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर मिसळलेला दुसरा गॅस. ते शून्याच्या जेमतेम खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत चालतं. मिश्र सिलिंडरमधलं प्रोपेन आधी संपत जातं, म्हणून वजन असूनही दाब नाही. हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन भरा. सिलिंडरला शेक मात्र कधीही देऊ नका.

ऊब सगळ्यात जास्त जाते ती पुढच्या मोठ्या काचेतून. तिचं जाड आवरण बाहेरून लावा. आतून लावलं तर काच गारच राहते आणि मागे पाणी धरतं. गादीखाली पट्ट्यांची जाळी घाला, हवा खेळली पाहिजे. आणि हीटर रात्री बंद करू नका, मंद चालू ठेवा. गार झालेल्या भिंती पुन्हा तापायला फार वेळ लागतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचून हात थरथरले. चिंध्या लगेच काढल्या, अलार्म बसवला. काल प्रोपेनवर, झडप उघडी ठेवून अंगणातच झोपलो. बाहेर उणे २ होतं. हीटर सकाळपर्यंत चालला, खिडकीवर नुसता धूसरपणा, रजई कोरडी.

आता एकच अडचण उरली: पाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली, उघड्यावर आहे. गोठून नळी फुटायची भीती वाटते. टाकी रिकामी करूनच निघावं, की तिला आवरण घालून भागतं?